सल्फोलोबसच्या पेशीपटलातील लिपिडे आणि उष्णता : प्रयोगशाळेतील प्रकल्प नोंदी

सल्फोलोबस ॲसिडोकॅल्डेरियस हा आर्किया (जिवाणूंसारखाच एकपेशीय, पण त्यांच्याहून वेगळ्या गटातला जीव) वाढवायचा, त्याच्या पेशीपटलातील लिपिडे (स्निग्ध रेणू) वेगळी काढायची, त्यांचे लायपोसोम (लिपिडांच्या पटलाच्या सूक्ष्म, पोकळ पिशव्या) बनवायचे आणि ते उष्णतेत किती गळतात हे नेहमीच्या लिपिडांशी ताडून पाहायचे, असे या कामाचे स्वरूप होते. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत हे काम झाले. असेच काम हाती घेणाऱ्यांचा वेळ आणि पैसा वाचावा, म्हणून जिथे अडलो तिथल्या नोंदी मुद्दाम सविस्तर ठेवल्या आहेत.

९ जून २०२५ : वाण आणि माध्यम

डीएसएम ६३९ (जर्मनीतील सूक्ष्मजीव-संग्रहाचा क्रमांक) हा वाण हाती आला. थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम, आम्लधर्मी झऱ्यांतून वेगळ्या केलेल्या जीवांवरून १९७२ मध्ये ज्या प्रजातीचे वर्णन केले, तिचा हा प्रमाण वाण. पीएच २ ते ३ आणि तापमान ७५ ते ८० अंश सेल्सिअस ही याची आवडती परिस्थिती. हा प्राणवायूवर वाढतो, त्यामुळे मिथेन बनवणाऱ्या आर्कियांसाठी लागणारी ऑक्सिजनरहित सामग्री इथे लागत नाही. आमच्यासारख्या प्रयोगशाळेने हा जीव निवडण्याचे खरे कारण तेच आहे.

माध्यम ब्रॉक यांचेच घेतले: एका लिटरला अमोनियम सल्फेट १.३ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२५ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.०७ ग्रॅम, थोडे लोह आणि सूक्ष्म खनिजे. त्यात ०.१ टक्का ट्रिप्टोन आणि ०.२ टक्के सुक्रोज घालून सल्फ्युरिक आम्लाने पीएच ३ वर आणला. फेरिक क्लोराइड बाकीच्या क्षारांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये घातल्यास फॉस्फेटशी जुळून गाळ बसतो. तो गाळ ओडीच्या (द्रावणाचा गढूळपणा, ज्यावरून पेशींची वाढ मोजतात) वाचनात वाढीसारखा दिसतो आणि पहिले दोन दिवस समाधान देतो. लोहाचे द्रावण वेगळे गाळून, माध्यम थंड झाल्यावर घालावे.

१७ जून : बाष्पीभवन

आमचा शेकर ६० अंशांपुढे जात नाही, त्यामुळे चुंबकी ढवळणीवर सिलिकॉन तेलाचे बाथ मांडले. साध्या शंक्वाकृती फ्लास्कमधले माध्यम ७५ अंशांवर एका रात्रीत इतके उडाले की सकाळी काचेवर क्षारांची पांढरी कडा होती आणि खाली उरलेल्या द्रावणात आम्लही तेवढेच दाट झाले होते. कापसाचा बोळा वाफेने भिजून लोंबत होता. बोळ्यावर ॲल्युमिनियमची पन्नी घट्ट गुंडाळली तेव्हा बाष्पीभवन थांबले, पण वाढही मंदावली, कारण मुळात इतक्या गरम पाण्यात ऑक्सिजन फारच कमी विरघळतो आणि त्यात हवेची वाट बंद झाली होती. (ही गोष्ट लक्षात ठेवावी; नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा आडवी आली.)

शेवटी काचकाम करणाऱ्या कारागिराकडून लांब मानेचे फ्लास्क करवून घेतले. मान बाथच्या बरीच वर राहते, वाफ तिथे थिजून परत खाली येते आणि तोंड उघडेच असल्यामुळे हवा खेळती राहते. सगळ्या खरेदीत सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त उपयोग झाला तो या फ्लास्कचा.

२ जुलै : वीज

पावसाची सुरुवात झाली आणि रात्री वीज गेली. सकाळपर्यंत बाथ थंड. पुन्हा गरम केल्यावर पेशी बऱ्याच उशिरा पण वाढू लागल्या, म्हणजे वाण गेला नव्हता. तरीही ते संवर्धन टाकून दिले. ज्या पेशींचे पटल कोणत्या तापमानात घडले हेच सांगता येत नाही, त्यांची लिपिडे मोजून काहीच हाती लागत नाही. बाथ तापवणारी कॉइल आमच्या इन्व्हर्टरला झेपत नाही. म्हणून बाथभोवती जाड थर्माकोल बसवला, तेलात तापमान नोंदवणारा लॉगर सोडला आणि ७५ अंशांवर लावलेले संवर्धन ७० अंशांखाली गेले तर लिपिडांसाठी वापरायचे नाही असा नियम भिंतीवर लावला.

१४ जुलै : लिपिडे पेशीतून निघेनात

गोठवून वाळवलेल्या पेशींवर ब्लाय आणि डायर यांची १९५९ पासून सर्रास वापरली जाणारी क्लोरोफॉर्म-मिथेनॉल-पाणी पद्धत केली. रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारे यंत्र) द्रावक उडवल्यावर फ्लास्कच्या तळाशी जेमतेम एक पिवळसर ठसा उरला. वाढ कमी झाली असावी, या समजुतीने आणखी पेशी जमवण्यात बरेच दिवस गेले; प्रत्यक्षात दोष वाढीत नव्हताच. निष्कर्षण झाल्यावर उरलेला पेशींचा चोथा थेट आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये उकळला, तेव्हा पहिल्या निष्कर्षणापेक्षा अधिक लिपिड त्या चोथ्यातून निघाले. म्हणजे लिपिडे पेशीत होती, थंड द्रावकाला सोडत नव्हती.

याचे कारण रेणूच्या रचनेत आहे. जिवाणूंचे आणि आपले पटल दुपदरी असते. दोन स्वतंत्र लिपिडे शेपटीला शेपटी लावून उभी असतात. सल्फोलोबसचे मुख्य लिपिड टेट्राईथर (चार ईथर बंध असलेले) आहे: चाळीस-चाळीस कार्बनच्या दोन साखळ्या, दोन्ही टोकांना ग्लिसरॉल, आणि असा एकच रेणू पटलाच्या आतल्या बाजूपासून बाहेरच्या बाजूपर्यंत जातो. गोधडीचा टाका जसा दोन्ही पदरांतून आरपार जातो आणि पदर सुटू देत नाही, तसे हे आहे. असा रेणू पटलातून ओढून काढणे अवघड असणार हे उघड आहे.

उपाय: सॉक्सलेट, म्हणजे गरम द्रावक नमुन्यातून पुन्हा पुन्हा फिरवणारे काचेचे उपकरण. वाळवलेल्या पेशी थिंबलमध्ये (त्यातल्या सच्छिद्र नळकांड्यात) भरून क्लोरोफॉर्म-मिथेनॉल (१:१) दोन दिवस फिरत ठेवले. एका लिटर संवर्धनामागे काही मिलिग्रॅम लिपिड मिळू लागले. क्लोरोफॉर्मचा खर्च वाढला आणि फ्यूम हूड दोन दिवस अडून राहिला, पण दुसरा स्वस्त मार्ग आम्हाला सापडला नाही. सॉक्सलेटच्या कंडेन्सरचे पाणी रात्री बंद पडू नये म्हणून नळाऐवजी टाकी आणि छोटा पंप वापरावा.

२८ जुलै : टीएलसी आणि दमट हवा

टोकाकडचे शर्करा आणि फॉस्फेट गट काढून केवळ गाभा पाहण्यासाठी लिपिडे मिथेनॉलमधील हायड्रोक्लोरिक आम्लात ७० अंशांवर ठेवली. नेहमीचे एस्टर-लिपिड (ज्यात साखळ्या ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडलेल्या असतात) या वागणुकीत मोडून पडते. ईथर बंध मोडत नाही, म्हणूनच ही पद्धत इथे चालते.

मग टीएलसी, म्हणजे पातळ थरावर द्रावक चढवून रेणू वेगळे करणे: क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९:१ मध्ये सिलिकाची प्लेट चालवली. ठिपके दर वेळी वेगळ्या उंचीवर येत होते. एकाच नमुन्याचे सकाळचे आणि संध्याकाळचे मूल्य जुळेना. जुलैतल्या पुण्याच्या हवेत उघडी राहिलेली सिलिका तासाभरात ओलावा पिते आणि तिची पकड बदलते. प्लेट ११० अंशांवर तापवून लगेच वापरायला सुरुवात केल्यावर ठिपके जागेवर आले.

जागेवर आल्यावर दिसले की ठिपके दोन आहेत. एक अपेक्षित, वर चढलेला: दोन्ही टोकांना ग्लिसरॉल असलेला टेट्राईथर. दुसरा खाली, अधिक गडद. आधी तो अपुऱ्या जलअपघटनाचा अवशेष वाटला म्हणून आम्लात दुप्पट वेळ ठेवून पाहिले. ठिपका तसूभरही कमी झाला नाही. तो कॅल्डिटॉल असलेला टेट्राईथर आहे. सल्फोलोबसच्या कुळात एका टोकाला ग्लिसरॉलऐवजी कॅल्डिटॉल हा अधिक हायड्रॉक्सिल गटांचा भाग असतो, तोही ईथर बंधानेच जोडलेला, म्हणून आम्लाला दाद देत नाही. २०१८ मध्ये याच जीवातील कॅल्डिटॉल बनवणारे विकर शोधले गेले, आणि ते जनुक काढून टाकलेल्या पेशी अतिआम्ल माध्यमात तग धरत नाहीत असे दिसले. या जीवाच्या बाबतीत उष्णता आणि आम्ल यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो, याची ही पहिली खूण आमच्या प्लेटवर मिळाली. हा ठिपका अशुद्धी समजून खरवडून टाकू नका.

११ ऑगस्ट : मास स्पेक्ट्रोमीटर

रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या या यंत्रावर साखळ्यांतली वलये मोजायची होती. टेट्राईथरच्या साखळ्यांत पाच कार्बनची वलये असतात. एक वलय वाढले की दोन हायड्रोजन कमी होतात, त्यामुळे वलयरहित रेणूचे शिखर १३०२ वर, एका वलयाचे १३०० वर, आणि असेच उतरत चार वलयांचे १२९४ वर दिसते. शेजारच्या संस्थेत यंत्रावर थोडाच वेळ मिळत होता, म्हणून स्तंभ (रेणू आधी एकमेकांपासून वेगळे करणारी नळी) न लावता नमुना थेट यंत्रात सोडला. निकालात तीन वलयांचे लिपिड भरपूर दिसले आणि ते चुकीचे होते.

रेणूत ८६ कार्बन आहेत. निसर्गात साधारण १.१ टक्का कार्बन १३ वस्तुमानाचा असतो; एवढ्या कार्बनांत दोन जड अणू येण्याची शक्यता इतकी मोठी होते की मूळ शिखरापासून दोन एकक वर, मूळ शिखराच्या दोन-पंचमांशाहून उंच असे दुसरे शिखर उभे राहते. चार वलयांच्या लिपिडाची ही सावली बरोबर १२९६ वर, म्हणजे तीन वलयांच्या जागी पडते. स्तंभावर रेणू आधी वेगळे केले तर ते वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात आणि घोटाळा टळतो. स्तंभ उपलब्ध नसेल तर सर्वांत जास्त वलयांच्या शिखरापासून सुरुवात करून प्रत्येकाची सावली वजा करत वर यावे लागते. आम्ही स्तंभासाठी थांबलो. त्यात तीन आठवडे गेले, आणि ते जायलाच हवे होते.

२५ ऑगस्ट : लायपोसोम

अंड्याच्या फॉस्फॅटिडिलकोलिनचे (नेहमीच्या पटलांतले लिपिड) लायपोसोम बनवण्याची सवय असलेल्या हातांना इथे सगळेच नव्याने शिकावे लागते. लिपिडाचा पातळ थर काचेवर वाळवून बफर घातला; खोलीच्या तापमानाला थर सुटलाच नाही, मेणकापडासारखा चिकटून राहिला. ६५ अंशांवर आणि बाथ सोनिकेटरमध्ये आलटून-पालटून ठेवल्यावर दुधट द्रावण तयार झाले. लायपोसोम एका आकाराचे व्हावेत म्हणून द्रावण एक्स्ट्रूडरमधून बारीक छिद्रांच्या गाळण-पटलातून दाबून पार करतात; त्यात थेट २०० नॅनोमीटर छिद्रांचे पटल लावले तर ते फाटते. फाटल्याचे कळतही नाही, कारण द्रावण सुखासुखी पार जाते आणि ते निवळले असे वाटते. आधी ४०० आणि मग २०० नॅनोमीटर असे जावे, एक्स्ट्रूडरचा ठोकळा ६५ अंशांवर तापलेला ठेवावा, आणि सिरिंजला लागणारा जोर अचानक कमी झाला की थांबून पटल उजेडात धरून पाहावे.

८ सप्टेंबर : गळती मोजताना

पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. लायपोसोमच्या पोटात कार्बॉक्सीफ्लुरेसीन हा रंग ५० मिलिमोलर इतका दाट भरायचा. इतक्या दाटीत तो स्वतःचीच चमक दाबून टाकतो. बाहेर गळला की पातळ होतो आणि चमकतो. बाहेर राहिलेला रंग सेफाडेक्सच्या (आकारानुसार रेणू वेगळे करणारे मणी) स्तंभावर काढून टाकायचा आणि बाहेरच्या बफरचा परासरण दाब आतल्याइतका ठेवायचा, नाहीतर लायपोसोम परासरणानेच फुटतात.

७५ अंशांवर क्युव्हेट ठेवून थेट वाचन घेण्याचा प्रयत्न फसला. काचेवर बुडबुडे धरतात, बाष्पीभवन होते, आणि तापमानानुसार रंगाची चमक बदलत असल्याने किती फरक गळतीचा आणि किती उष्णतेचा हे वेगळे करता येत नाही. यावर पीसीआरचे यंत्र, म्हणजे छोट्या नळ्या नेमक्या तापमानाला ठेवणारा थर्मल सायक्लर, कामी आले. लायपोसोम नळ्यांत भरून त्यात ठेवले. झाकण तापलेले असल्याने थेंबभरही उडत नाही. ठरावीक वेळी नळी काढून बर्फात, मग सगळी वाचने २५ अंशांवर. गरम होऊन लगेच थंड होण्यानेच गळती होते का, हे पाहण्यासाठी क्षणभर तापवून काढलेला नमुना प्रत्येक वेळी सोबत ठेवला.

एक मर्यादा स्पष्ट नोंदवतो: हा रंग आम्लात चमकत नाही, शिवाय आम्लात त्याचा प्रभार जाऊन तो न फुटलेल्या पटलातूनही निसटू शकतो. त्यामुळे ही सर्व मोजणी पीएच ७.४ वरची आहे. पीएच ३ वर पटल काय करते, याचे उत्तर या पद्धतीतून मिळत नाही.

१९ सप्टेंबर : शंभर टक्के म्हणजे किती

शेवटी ट्रायटॉन एक्स-१०० (पटल विरघळवणारा साबणासारखा पदार्थ) घालून सगळे लायपोसोम फोडायचे आणि त्या वाचनाला शंभर टक्के धरायचे, ही रीत. अंड्याच्या लिपिडाचे लायपोसोम काही सेकंदांत फुटतात. टेट्राईथरचे वाचन मात्र ट्रायटॉननंतरही हळूहळू चढतच राहिले. ज्या दिवशी वाचन घाईने घेतले त्या दिवशीची 'शंभर टक्के' पातळी खोटी ठरली आणि त्या आधारावर काढलेली गळती खऱ्यापेक्षा जास्त दिसली. आता ट्रायटॉन घालून नळ्या ६५ अंशांवर अर्धा तास ठेवतो, थंड करतो आणि पुन्हा वाचतो. लागोपाठ दोन वाचने जुळेपर्यंत आकडा धरत नाही. आधीची सगळी मोजणी रद्द करून पुन्हा केली.

६ ऑक्टोबर : चार लिपिडे शेजारी शेजारी

या कामाचा जीव इथे आहे. आर्कियांची लिपिडे उष्णता का सोसतात, असे विचारले की 'ईथर बंधामुळे' असे एका शब्दात उत्तर मिळते. ते अपुरे आहे, आणि ते पाहता यावे म्हणून चार लिपिडे निवडली. पहिले अंड्याचे फॉस्फॅटिडिलकोलिन: एस्टर बंध, सरळ साखळ्या, काही दुहेरी बंध. दुसरे डायफायटॅनॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन: एस्टर बंध, पण साखळ्या आर्कियांसारख्या, जागोजाग मिथाइल गटांच्या फांद्या फुटलेल्या. तिसरे याचेच ईथर रूप. चौथे आमचे टेट्राईथर. मधली दोन विकत घ्यावी लागतात आणि महाग आहेत. वर्षभराच्या रसायनांच्या तरतुदीतला मोठा वाटा त्यांनी खाल्ला. तरी ती टाळू नयेत, कारण ती नसतील तर अंडे आणि आर्किया यांच्यातले चार फरक एकाच वेळी बदलतात आणि श्रेय कोणाला द्यायचे ते कळत नाही.

७५ अंशांवर अंड्याच्या लिपिडाचे लायपोसोम काही मिनिटांतच बहुतेक रंग सोडून बसले. फांद्या असलेल्या दोन्ही लिपिडांनी स्पष्टपणे अधिक तग धरला, आणि त्या दोघांत, म्हणजे एस्टर आणि ईथर यांत, एका तासाच्या मोजणीत सांगण्याजोगा फरक पडला नाही. टेट्राईथरची गळती तासाभरानंतरही क्षणभर तापवलेल्या नमुन्याच्या जवळपास होती.

म्हणजे मिनिटा-तासांच्या हिशेबात पटल घट्ट ठेवण्याचे काम फांद्या असलेल्या साखळ्या आणि आरपार जाणारी रचना करते. उष्णतेने रेणू वळवळू लागतात, दोन पदरांमध्ये फटी पडतात. साखळ्यांच्या फांद्या एकमेकींत अडकून ही हालचाल आवरतात आणि आरपार रेणू पदर अलग होऊच देत नाही. रेणूचा बंध कोणत्या जातीचा आहे याला या खेळात फारसे स्थान नाही.

२० ऑक्टोबर : मग ईथर बंध कशाला

दुसरे आणि तिसरे लिपिड ७५ अंशांवर, पीएच ३ आणि पीएच ७ अशा दोन बफरांत आठवडाभर बंद नळ्यांत ठेवले आणि टीएलसीवर (क्लोरोफॉर्म-मिथेनॉल-पाणी ६५:२५:४) चालवले. प्लेट आयोडीनच्या वाफेत धरली. पीएच ३ मधल्या एस्टरच्या रांगेत मूळ ठिपका फिका झाला होता, वर सुट्या आम्लाचा आणि खाली एक साखळी गमावलेल्या लिपिडाचा ठिपका उमटला होता. पीएच ७ मध्ये मोडतोड बरीच कमी. फॉस्फॅटिडिलकोलिनचे एस्टर पीएच ६.५ च्या आसपास सर्वांत सावकाश तुटतात, त्याला हे धरून आहे. ईथरच्या दोन्ही रांगांत एकच ठिपका, पहिल्या दिवशीसारखाच.

एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे नाहीत, प्रश्नच दोन आहेत. पटलातून काय निसटते हे साखळ्यांच्या रचनेवर ठरते आणि लगेच दिसते. पटलाचा रेणूच तुटतो का हे बंधावर ठरते आणि दिसायला दिवस लागतात. सल्फोलोबसला दोन्ही हवे, कारण त्याच्या पेशीच्या आत पीएच जवळपास उदासीन असतो आणि बाहेर २ ते ३. मधले पटल प्रोटॉन झिरपू देऊ लागले तर पेशी तो फरक टिकवू शकत नाही, आणि रेणूच तुटू लागले तर पटल सतत नव्याने बांधण्यात तिची सगळी शक्ती जाईल. मिथॅनोकॅल्डोकॉकस जनाशी या आर्कियात तापमान वाढवले की दुपदरी डायईथरचे प्रमाण घटून टेट्राईथरचे वाढते. दोन्हींत बंध ईथरच आहे, बदलते ती रचना. आमच्या गळतीच्या निकालाशी हे जुळते, याचे मनापासून समाधान वाटले.

१० नोव्हेंबर : वलये आणि तापमान

६५, ७० आणि ७८ अंशांवर वाढवलेल्या पेशींतील वलयांची सरासरी काढली. तापमानाबरोबर वलये वाढतात हे माहीत होते. वलयांमुळे साखळ्या अधिक दाटीने बसतात. आमच्या पहिल्या आलेखात ती अपेक्षेपेक्षाही जोरात वाढली, आणि तिथेच शंका आली. ७८ अंशांवर बाष्पीभवन जास्त, म्हणून त्या फ्लास्कची तोंडे अधिक झाकली गेली होती. शिवाय गरम माध्यमात ऑक्सिजन मुळातच कमी. याच जीवावर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले आहे की वाढ मंदावली किंवा ऑक्सिजन कमी पडला तरी वलयांचे प्रमाण बदलते. आम्ही तापमान मोजतो आहोत असे समजत होतो, प्रत्यक्षात उपासमारही त्यात मिसळली होती.

सर्व तापमानांना लांब मानेचेच फ्लास्क, सारखे आकारमान, सारखी ढवळण्याची गती, आणि ठरावीक वेळी नव्हे तर सारख्या ओडीला पेशी गोळा करणे, एवढे बदल करून प्रयोग पुन्हा केला. तापमानाचा परिणाम टिकला, पण पहिल्या आलेखातल्यापेक्षा लहान झाला. हाच आकडा अहवालात घेतला आहे. ऑक्सिजन पूर्णपणे समान ठेवायचा तर केमोस्टॅट (माध्यम सतत बदलून वाढीची स्थिती कायम ठेवणारे उपकरण) लागेल. तो आमच्याकडे नाही, आणि तोपर्यंत उरलेला परिणाम संपूर्णपणे तापमानाचा आहे असे आम्ही लिहिणार नाही.

२४ नोव्हेंबर : पुढच्या कामासाठी

उरलेले टेट्राईथर क्लोरोफॉर्ममध्ये, टेफ्लॉनचे झाकण असलेल्या काचेच्या कुपीत, उणे २० अंशांवर ठेवले आहे. प्लॅस्टिकच्या नळीत क्लोरोफॉर्म ठेवल्यास प्लॅस्टिकमधली द्रव्ये विरघळून मास स्पेक्ट्रोमीटरवर येतात. तो अनुभव एका नमुन्यापुरता घेऊन झाला. काम नव्याने सुरू करणाऱ्यांनी मास स्पेक्ट्रोमीटरच्या स्तंभाची वेळ संवर्धन लावण्याआधीच ठरवून घ्यावी, कारण पेशी आठवड्यात तयार होतात आणि यंत्राची पाळी महिन्याने येते. फांद्या असलेली विकतची दोन लिपिडे मात्र गळतीची पद्धत अंड्याच्या लिपिडावर पूर्ण बसेपर्यंत मागवू नयेत. पुढचा टप्पा प्रोटॉनच्या झिरपण्याचा आहे, त्यासाठी पायरॅनिन हा पीएच दाखवणारा रंग मागवला आहे आणि लायपोसोम त्याच ६५ अंशांच्या ठोकळ्यावर बनवणार आहोत.